डी७२०० आणि १५०-६०० हाताशी असताना मिररलेसकडे जावं का?

पाणकावळा
सामान असं: निकॉन डी७२०० (डीएसएलआर, म्हणजे आतल्या आरशातून बघायचा कॅमेरा), १८-१४० किट लेन्स, ५० एफ/१.८ डी आणि टॅमरॉन १५०-६०० जी-टू. वापर बहुतेक पक्ष्यांसाठी (भिगवण, उजनीचं बॅकवॉटर), त्याखालोखाल मुलीच्या नाचाचे स्टेज कार्यक्रम, उरलेलं घरगुती. बजेट एक लाख, जुनी बॉडी विकून येतील ते वेगळे. लेन्सा विकायच्या नाहीत.

डोक्यात निकॉन झेड५०-टू (मिररलेस, म्हणजे आरसा नसलेली बॉडी) आणि जुन्या लेन्सा तिला जोडणारा एफटीझेड-टू अ‍ॅडॅप्टर आहे. खरंच फोटो सुधारतील की नुसतं नवं खेळणं येईल, एवढंच विचारायचंय. "डीएसएलआर मेले" हे कृपया सांगू नका. डी७८० आणि डी६ २०२० साली आले, त्यानंतर निकॉनने नवा डीएसएलआर काढलेला नाही, हे माहीत आहे. म्हणून माझा कॅमेरा उद्या सकाळी बंद पडणार नाही.

ट्रायपॉड
धागा वाचनखुणेत. चहा घेऊन बसलोय.

पिक्सेलपंत
बॉडीचं नंतर बघू, आधी लेन्सांची यादी घ्या.

१८-१४० मध्ये स्वतःची मोटर आहे, एफटीझेडवर सगळं चालेल. ५० एफ/१.८ डी मध्ये मोटर नाही. तुमच्या डी७२०० च्या माउंटमधून एक छोटा स्क्रू बाहेर येतो आणि तो ही लेन्स फिरवतो. निकॉनच्या दोन्ही एफटीझेडमध्ये तो स्क्रू नाही, त्यामुळे ऑटोफोकस गेला. मीटरिंग चालतं, अ‍ॅपर्चर बॉडीवरून बदलता येतं, फोकस मात्र हाताने. पीकिंग (फोकसमधल्या कडा रंगीत दाखवणारी सोय) लावून बसलेल्या माणसाचा फोटो निघेल, नाचणाऱ्या मुलीचा नाही. म्हणजे स्टेजसाठी ५० एफ/१.८ जी किंवा झेड ४० एफ/२ चा खर्च बजेटमध्ये आत्ताच धरा.

टॅमरॉन जी-टू चालते, पण फर्मवेअर (तिच्या आतलं सॉफ्टवेअर) जुनं असेल तर अडकते किंवा फोकस मागेपुढे चाचपडत राहते. तिला यूएसबी पोर्ट नाही, म्हणून टॅप-इन कन्सोल लागतो. तो लेन्सच्या मागच्या बाजूला टोपणासारखा बसतो आणि कॉम्प्युटरला जोडतात. नाहीतर सर्व्हिस सेंटर.

अ‍ॅडॅप्टरमध्ये काच नसते, त्यामुळे शार्पनेस घटत नाही. एफ माउंट सेन्सरपासून ४६.५ मिमीवर, झेड माउंट १६ मिमीवर, मधली ३०.५ मिमी पोकळी भरायची, बाकी विजेचे संपर्क आणि अ‍ॅपर्चरची कळ.

रानवाट
पंतांशी सहमत, पण पक्ष्यांच्या बाबतीत फरक खेळण्याएवढा नाही, बराच मोठा आहे.

डी७२०० ला ५१ फोकस पॉइंट आहेत. पक्षी त्या पॉइंटवर ठेवणं हे तुमचं काम. झेड५०-टू पक्षी ओळखतो, डोळा सापडला की त्याला धरून ठेवतो आणि तो फ्रेमच्या कोपऱ्यात गेला तरी सोडत नाही. रचना आधी ठरवून मग फोकस, हे डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधून जमत नाही. शिवाय फोकस सेन्सरवरच होत असल्यामुळे फ्रंट-फोकस, बॅक-फोकस (फोकस पक्ष्याच्या पुढे किंवा मागे पडणं) हा प्रकार जवळजवळ संपतो.

फसतो कुठे तेही सांगतो. वेळू किंवा पाणकणसाच्या मागे बसलेला छोटा पक्षी असेल तर कॅमेरा पुढच्या पात्याला किंवा मागच्या काठाला चिकटतो, आणि पक्षी पार धूसर असेल तर ओळखही पटत नाही. अशा वेळी पूर्ण फ्रेमचा ऑटो एरिया सोडून छोटा वाइड-एरिया चौकोन घ्यायचा, लेन्सची रिंग हाताने फिरवून पक्षी अंदाजे फोकसमध्ये आणायचा आणि मग बटण दाबायचं. "एआय सगळं करतं" समजून घेणारे इथेच शिव्या घालतात.

दुसरी गोष्ट, प्री-रिलीज कॅप्चर. बटण अर्धं दाबून ठेवलं की कॅमेरा फ्रेम साठवत राहतो आणि पूर्ण दाबल्यावर त्याआधीच्याही फ्रेम कार्डावर जातात. खंड्याचा सूर यानेच मिळतो. पण या बॉडीत ते फक्त जेपेगमध्ये, आणि इलेक्ट्रॉनिक शटरने. सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, त्यामुळे वेगात फडफडणारे पंख कधीकधी वाकडे येतात.

मंद_शटर
एक लाखात जुना डी५०० का नाही? २०.९ मेगापिक्सेल, १५३ फोकस पॉइंट आणि त्यातले ९९ क्रॉस-टाइप (आडव्या-उभ्या दोन्ही रेषा पकडणारे), सेकंदाला १० फ्रेम, काचेतून थेट दिसणारा पक्षी. टॅमरॉन बसेल, ५० डी ऑटोफोकससकट चालेल, बॅटरी तीच ईएन-ईएल१५. अ‍ॅडॅप्टर नको, नवीन ५० नको. उरलेल्या पैशात चार वेळा भिगवण.

घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. मालकाकडून न बदललेली मूळ जेपेग मागवा, निकॉनच्या एक्झिफमध्ये (फोटोसोबत साठलेल्या माहितीत) शटर काउंट, म्हणजे शटर किती वेळा उघडलं तो आकडा, असतो. डी५०० चं शटर २,००,००० क्लिकपर्यंत तपासलेलं आहे. ४०-५० हजारांचा मिळाला तर उत्तम. एफ/१६ ला लेन्स अनंतावर ठेवून पांढऱ्या भिंतीचा जवळून फोटो काढा, डाग दिसतील. ते ब्लोअरने जात असतील तर धूळ, नाहीतर तेल किंवा ओरखडा. दोन्ही कार्ड स्लॉटांत कार्ड घालून काढून बघा. एक एक्सक्यूडीचा आहे, नव्या फर्मवेअरवर सीएफएक्सप्रेस टाइप बी पण चालतं. ते कार्ड आणि रीडर घरी नसेल तर तो खर्चही धरा.

रानवाट
@मंद_शटर, डी५०० ला नावं ठेवण्यासारखं काही नाही. पण तो २०१६ चा आहे आणि उत्पादन थांबलेलं आहे. पाच वर्षांनी शटर युनिट मिळेल का हा प्रश्न राहतोच. आणि डोळ्यावर फोकस नाही.

मंद_शटर
डोळा माणसाने बघायचा, कॅमेऱ्याने पक्षी.

टिवटिव
"मिररलेस हलका" म्हणून कोणी घेत असेल तर वजनकाटा आणा. बॅटरी-कार्डासकट डी७२०० सुमारे ७६५ ग्रॅम, निकॉन माउंटची टॅमरॉन १९९० ग्रॅम. बेरीज २७५५. तिकडे झेड५०-टू ५५० ग्रॅम, एफटीझेड-टू १२५, टॅमरॉन तीच. बेरीज २६६५. वाचले ९० ग्रॅम, म्हणजे एक वडा, तोही पावाशिवाय.

वर तोल पुढे झुकतो. हलक्या बॉडीवर दोन किलोची लेन्स टांगली की सगळा भार अ‍ॅडॅप्टरच्या दोन जोडांवर येतो. बॉडीच्या पट्ट्याने गळ्यात अडकवू नका, पट्टा लेन्सच्या कॉलरला लावा आणि ट्रायपॉडवरही कॉलरनेच बसवा.

वजन खरंच कमी हवं असेल तर लेन्स बदलावी लागते. कॅननचा आर१० (४२९ ग्रॅम) आणि आरएफ १००-४०० (६३५ ग्रॅम) मिळून किलोच्या जेमतेम वर. पण ती लेन्स ४०० ला एफ/८ आहे. ढगाळ सकाळी आयएसओ ६४०० च्या खाली येणं कठीण.

ट्रायपॉड
आणि भिगवणच्या होडीत फ्लेमिंगोंपेक्षा दोन किलोच्या लेन्सा जास्त असतात, ते वजन नावाड्याला विचारा.

अंधारखोली
स्टेजबद्दल कोणी नीट बोललं नाही, म्हणून लांबण लावतो.

मिररलेसचा इथे मोठा फायदा म्हणजे आवाज बंद करता येतो. आरशाचा खटका नाही, शटरचाही नाही, शांत पदाला पुढच्या रांगेतला माणूस वळून बघत नाही. पण आवाज बंद म्हणजे पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटर, आणि एलईडी दिव्यांखाली फोटोवर आडवे काळे-पिवळे पट्टे. आपली वीज ५० हर्ट्झची, साधा दिवा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. म्हणून १/१०० किंवा १/५० ला पट्टे जातात, १/२५० ला परत येतात. नाचाला १/१०० अपुरा. मग काय? मेकॅनिकल शटर लावायचं, फोटो फ्लिकर रिडक्शन चालू करायचं आणि थोडा खटका सहन करायचा. रंगमंचाचे डिमरवाले एलईडी तर १०० हर्ट्झलाही जुमानत नाहीत. त्यामुळे पडदा उघडल्या उघडल्या सायलेंटवर दहा फ्रेम घ्या, झूम करून पट्टे आहेत का बघा आणि मगच कार्यक्रमभर कुठलं शटर ते ठरवा.

दुसरा फायदा: व्ह्यूफाइंडरमध्ये एक्स्पोजर आधीच दिसतं. काळ्या पडद्यापुढे पांढऱ्या साडीतली नर्तिका असली की मीटर फसतो आणि चेहरा जळतो. इथे जळलेला चेहरा बटण दाबायच्या आधी दिसतो, डायल दोन खटके उणे केली की झालं. मात्र घरी फ्लॅश लावून मॅन्युअलला १/१६०, एफ/८ ठेवलंत तर हाच व्ह्यूफाइंडर काळाकुट्ट दिसेल. कॅमेरा बिघडलेला नसतो, एक्स्पोजर प्रिव्ह्यू बंद करायचा असतो.

आणि झेड५०-टू मध्ये बॉडीतलं स्टॅबिलायझेशन (हात हलल्याचा परिणाम कमी करणारी सोय) नाही. स्टेजला त्याने बिघडत नाही, कारण नाचणारी हलते ते कुठलंच स्टॅबिलायझेशन थांबवत नाही. व्हिडिओ हातात धरून काढणार असाल तर मात्र जाणवेल, विशेषतः स्टॅबिलायझेशन नसलेल्या ४० किंवा ५० वर.

पिक्सेलपंत
बॅटरी राहिली. डी७२०० ची अधिकृत मोजणी १११० फ्रेम. झेड५०-टू ची अडीचशेच्या आसपास. बर्स्ट (सलग फ्रेम) मारला की दोन्हीकडे आकडा फुगतो, कारण मोजणीची पद्धत एकेक फोटो, स्क्रीन, फ्लॅश अशी आहे. पण पक्ष्याची वाट बघत अर्धा तास व्ह्यूफाइंडरला डोळा लावला तर डीएसएलआर जवळपास काही खात नाही, मिररलेस पूर्ण वेळ खातो. दोन जादा बॅटऱ्या धरा. यूएसबी-सी ने पॉवर बँकेवर चार्ज होतो ही जमेची बाजू. तुमच्या जुन्या ईएन-ईएल१५ यात बसत नाहीत. आणि कार्ड स्लॉट एकच, डी७२०० ला दोन होते.

झब्बू
मोबाइलने होत नाही का हो हे सगळं? हल्ली १०० एक्स झूम येतो.

टिवटिव
होतं. फ्लेमिंगो गुलाबी येतो, बाकी तो मेणाचा असतो.

लाल_माती
अवांतर, पण पाणकावळा दरवर्षी पावसाळ्यात लेन्स कपाटात ठेवणार असतील तर नवीन बॉडीआधी कोरडा डबा घ्यावा. कोकणात, मुंबईत जूनपासून बंद कपाटात आर्द्रता ८० टक्क्यांवर जाते आणि लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी चढते. समोरच्या काचेवरची निघते. आतल्या काचेचं कोटिंग तिने खाल्लं असेल तर साफ करूनही खूण राहते.

घट्ट झाकणाचा, रबरी कडा असलेला डबा, आत छोटा आर्द्रतामापक आणि अर्धा किलो सिलिका जेल. काटा ४० ते ५० टक्क्यांमध्ये हवा. ३० च्या खाली नेऊ नका, ग्रिपचं रबर आणि आतलं वंगण सुकतं. नारिंगी दाणे हिरवे झाले की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोनेक तास, थंड झाले की परत आत. मापक नसलेला डबा म्हणजे नुसता डबा.

झब्बू
आमच्याकडे तांदळात ठेवतात.

लाल_माती
तांदूळ ओल फार ओढत नाही आणि त्याचं पीठ झूमच्या नळीत जातं. डांबराच्या गोळ्या त्याहून वाईट, त्यांची वाफ काचेवर थर धरते. तांदळाचा भात करा.

मंद_शटर
धुळीचा विषय निघालाच आहे तर मिररलेसवाल्यांनी हेही सांगावं की लेन्स काढली की सेन्सर उघडा पडतो. डीएसएलआरमध्ये पुढे आरसा आणि बंद शटर असतं.

रानवाट
बरोबर. काही महाग बॉड्या बंद केल्यावर पडदा ओढून घेतात, सगळ्या नाही. उपाय साधे: कॅमेरा बंद करून, तोंड जमिनीकडे करून, वाऱ्याकडे पाठ करून लेन्स बदला. भिगवणच्या काठावर किंवा ताडोबाच्या जिप्सीत बदलूच नका. धूळ बसली तर आधी रबरी ब्लोअर. डब्यातली दाबाची हवा कधीच नाही, तिच्यातलं द्रव सेन्सरवर उडतं. त्याने गेली नाही तर एपीएस-सी (डी७२०० मधल्या आकाराच्या) सेन्सरसाठी १६ मिमीचा स्वॉब, दोन थेंब द्रव, डावीकडून उजवीकडे एक हात, उलटून परत एक हात, आणि स्वॉब फेकून द्या. एकच स्वॉब पाच वेळा घासणाऱ्यांना देव सद्बुद्धी देवो.

टिवटिव
फुल फ्रेमचा (मोठ्या सेन्सरचा) विचार कोणी सुचवायच्या आत: झेड५-टू मध्ये स्टॅबिलायझेशन आहे, ईएन-ईएल१५ कुटुंबातली बॅटरी आहे, पण पक्ष्यांसाठी डीएक्स क्रॉप (सेन्सरचा फक्त मधला, एपीएस-सी एवढा भाग) लावला की २४ मेगापिक्सेलचे सुमारे १० उरतात. डी७२०० चे २४ च्या २४ पक्ष्यावर पडतात. ६०० मिमी अजून अपुरं पडतंय म्हणणाऱ्याने तिकडे जाऊ नये.

सोनी ए६७०० आणि २००-६०० ही जोडी चांगली आहे, तिथे बाहेरच्या कंपन्यांच्या लेन्साही भरपूर. पण मग टॅमरॉन विकावी लागते आणि ते तर नाही म्हणालात. म्हणून यादीत निकॉनच राहतो.

पिक्सेलपंत
आता मूळ प्रश्न. कोणाच्या मतावर न जाता तुमच्याच हार्ड डिस्कला विचारा. गेल्या हंगामातल्या नापास झालेल्या २०० फ्रेम घ्या (डिलीट केल्या नसतील तर), निकॉनच्या फुकट मिळणाऱ्या एनएक्स स्टुडिओत उघडा. तिथे फोकस पॉइंट कुठे होता ते फोटोवर दिसतं. चार ढीग करा:

पहिला, हललेले. फोकस पॉइंट पक्ष्यावर, पण सगळंच एका दिशेने फराटल्यासारखं. शटर किती होतं ते लिहा.
दुसरा, हवेने मऊ झालेले. ऊन चढल्यावरचे, लांबचे, कडा थरथरल्यासारख्या. पाण्यावरची तापलेली हवा कुठलाच कॅमेरा कापत नाही.
तिसरा, फोकस चुकलेले.
चौथा, क्षण हुकलेले, म्हणजे रिकामी फांदी.

नवीन बॉडी फक्त तिसरा आणि चौथा ढीग कमी करते.

अंधारखोली
अनुमोदन. स्टेजच्या फोटोंचा पाचवा ढीग करा, ते पक्ष्यांत मिसळू नका.

पाणकावळा
दोन संध्याकाळी गेल्या, पण केलं. पक्ष्यांच्या २०० फ्रेम: हललेले ८८, मृगजळाचे ४१, फोकस चुकलेले ४६, हुकलेले २५. हललेल्यांपैकी बहुतेक १/५०० ते १/८०० च्या मध्ये, ६०० मिमीवर, होडीतून. फोकस चुकलेल्या ४६ मध्ये १९ पक्षी चक्क बसलेले आहेत आणि प्रत्येक वेळी फोकस मागच्या चिखलावर.

स्टेजचा ढीग छोटा निघाला. तिथली अडचण फोकसची नाही, चेहरे जळालेत.

मंद_शटर
:) ८८.

रानवाट
हसू नका, सेटिंग द्या.

मॅन्युअल मोड, १/२०००, एफ/७.१ किंवा ८, ऑटो आयएसओ कमाल ६४००. पहाटे प्रकाश नसेल तर एफ/६.३ आणि बसलेल्या पक्ष्याला १/१०००. एएफ-सी (सतत फोकस), ९ पॉइंट डायनॅमिक. एई-एल/एएफ-एल बटणाला एएफ-ऑन द्या म्हणजे शटरच्या बटणावरून फोकस सुटेल. होडी इंजिनवर चालू असताना कोपर काठावर टेकवू नका, कंपन थेट लेन्समध्ये येतं. इंजिन बंद होईपर्यंत थांबा. १/२००० च्या पुढे टॅमरॉनचं व्हीसी (लेन्समधलं स्टॅबिलायझेशन) बंद ठेवलं तरी चालतं.

त्या १९ बसलेल्यांचं कारण बॅक-फोकस दिसतंय. ट्रायपॉडवर ६०० मिमी, पूर्ण उघडं अ‍ॅपर्चर, १५-२० मीटरवर भिंतीला वर्तमानपत्र. लाइव्ह व्ह्यूमध्ये फोकस करून एक फ्रेम, ती कसोटी. मग व्ह्यूफाइंडरने पाच फ्रेम, प्रत्येक वेळी आधी फोकस बिघडवून. पाचही सारख्याच मऊ आल्या तर एएफ फाइन-ट्यून (फोकस पुढे-मागे सरकवणारी बॉडीतली सेटिंग) उणे पाचवर न्या, परत पाच. फोकस मागे जात असेल तर उणे, पुढे येत असेल तर अधिक. पाचांत दोन छान, तीन वाईट असं येत असेल तर तो दोष फाइन-ट्यूनने जाणार नाही. बॉडीत प्रत्येक लेन्सला एकच आकडा ठेवता येतो, तो ६०० ला जुळवला की १५० ला बिनसू शकतो. टॅप-इन कन्सोलने वेगवेगळ्या फोकल लेंथ आणि अंतरांना वेगळे आकडे देता येतात. पंतांनी तो फर्मवेअरसाठी सांगितलाच होता, एकदा उसना आणा आणि दोन्ही कामं उरका.

पिक्सेलपंत
म्हणजे हिशेब असा: ४६ मधले १९ गेले, उरले २७, अधिक २५ हुकलेले. २०० पैकी ५२ फ्रेममध्ये झेड५०-टू काही करू शकला असता. सगळ्या वाचल्या असत्या असं नाही. आणि ८८ हललेले तो घेतल्यावरही तसेच हलले असते.

टिवटिव
५२ कमी नाहीत हं. उडते पक्षी हाच तुमचा जीव असेल तर मी घेईन.

अंधारखोली
स्टेजसाठी आत्ता: स्पॉट मीटरिंग चेहऱ्यावर, उणे ०.७, आणि रॉ (कॅमेऱ्याने जेपेग न केलेली मूळ फाइल). डी७२०० च्या रॉ फाइलमधून सावल्या बऱ्यापैकी उचलता येतात, जळालेला चेहरा परत येत नाही.

पाणकावळा
ठरवलं असं. आधी फाइन-ट्यून आणि १/२०००, पुढच्या दोन फेऱ्या याच बॉडीवर. मग झेड५०-टू एका दिवसासाठी भाड्याने, टॅमरॉन लावून, त्याच होडीत. पुन्हा तेच चार ढीग. तिसरा आणि चौथा निम्म्यावर आला तर घेतो, नाहीतर मंद_शटर यांच्या डी५०० ची चौकशी करतो.

पुण्यात भाड्याने देणारे बॉडीसोबत काय काय देतात?

रानवाट
बॉडी, एक बॅटरी, चार्जर. एफटीझेड बऱ्याचदा वेगळं मागावं लागतं, नाहीतर भिगवणला पोचल्यावर बॉडी एका हातात आणि टॅमरॉन दुसऱ्या हातात राहील. बॅटऱ्या तीन मागा. आणि आदल्या रात्री घरीच लेन्स लावून बघा. फर्मवेअर जुनं असेल तर ते पहाटे पाचला होडीत कळू नये.

झब्बू
आणि मोबाइल चार्ज करून ठेवा.